रिसोड–हॉलंड, मार्गे मेडशी

मंगळवार, २८ मे, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे. शेडमधील तापमान त्रेचाळीस अंश सेल्सिअस, पंखे बंद, आणि जनरेटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले एक गृहस्थ, जे त्या जनरेटरला कुणालाही हात लावू देत नव्हते. यांपैकी पहिल्या दोन बाबी मी तत्काळ तक्त्यात नोंदवल्या. तिसरीसाठी तक्त्यात रकाना नव्हता, आणि तक्ता मीच आखलेला असल्यामुळे तक्रार करण्याचीही सोय नव्हती.

त्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, एसटीच्या कंडक्टरला म्हणतात, त्या अर्थाने. उभी नोकरी त्यांनी मेडशीवरून जाणाऱ्या रिसोड–अकोला गाडीवर काढली आणि निवृत्त झाल्यावर रिठदच्या पुढे, स्वतःच्या शेतात, अंडी देणाऱ्या चार हजार कोंबड्यांची शेड टाकली. व्यवसाय बदलला, पण खाते बदलले आहे, हे त्यांनी कधी मान्य केले नाही.

शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणलेली होती आणि तिच्या शेवटी भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटा. खाद्य टाकायला सुरुवात करायची, की डबल बेल. काम थांबवायचे, की सिंगल. पिंजऱ्यांवर आसनक्रमांक रंगवलेले. जुन्या काळी कागदी तिकिटाला भोक पाडायचा जो चिमटा असे, तो मास्तरांनी जपून ठेवला होता. दोन रांगांमधून चालताना ते तो पिंजऱ्याच्या तारांवर टकटकवत जात, आणि हजारो माना एकदम त्यांच्याकडे वळत. इतक्या एकाग्रतेने माझे कोणतेही व्याख्यान आजवर कुणी ऐकलेले नाही.

पहिल्या रांगेतल्या एका पिंजऱ्यावर लाल रंगात 'विधानसभा सदस्य' असे लिहिले होते. त्यात एक लंगडी कोंबडी एकटीच ऐसपैस बसलेली असे. खाद्य भरपूर खाई. अंड्याचा पत्ता नसे.

"मास्तर, ही उत्पादनात नाही, मग हिला ठेवता कशाला?" मी पहिल्याच आठवड्यात विचारले.

"ते राखीव सीट हाये," मास्तर म्हणाले. "तिथं बसनाऱ्यानं काही द्याचं नसते."

स्वतः मास्तर अंडे खात नसत. माळ वगैरे नव्हती. मटण आवडीने खात. कारण विचारले तर म्हणत, "कंडक्टर प्यासेंजर खाते का?"

मी तिथे कशी पोहोचले, ते सांगणे भाग आहे. माझ्या डॉक्टरेटचा विषय होता, भारत आणि नेदरलँड्स या दोन देशांत अंड्यांच्या उत्पादनातून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची तुलना. प्रश्न नेमका होता, पद्धत निर्दोष होती आणि माझे माझ्याविषयीचे मत या दोहोंपेक्षा उंच होते. तिकडचे आकडे तिकडची एक सहसंशोधक गोळा करणार होती. इकडच्या लहान शेडचे मी. मला वर्षभर रोज मोजता येईल अशी शेड हवी होती, आणि मास्तरांच्या घरी एक खोली रिकामी होती.

मी मूळची वाशीमचीच. परंतु पुण्यात शिकून माझी भाषा इस्त्रीची झाली होती, आणि ती चुरगळू नये याची मी काळजी घेत असे. मास्तरांनी पहिल्या संध्याकाळीच मला विचारले, "पोरी, तू वाशीमची ना? मंग अशी बातम्या वाचल्यावानी काहून बोलून राह्यली?"

मी त्यांना विषय समजावून सांगितला. मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतात पडणारे खत, खाद्य दळणारी गिरणी, ने-आण करणारा टेम्पो, वीज, जनरेटरचे डिझेल, साचलेली विष्ठा, या प्रत्येकातून हवा तापवणारे वायू निघतात. ते सगळे एकत्र धरून एक किलो अंड्यांमागे किती वायू हवेत गेला, हे काढायचे. आकडा जितका कमी, तितके चांगले. आणि हेच गणित हॉलंडमध्ये मांडून दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. विवेचन मुद्देसूद झाले. मास्तरांनी ते शेवटपर्यंत ऐकले.

"म्हंजे म्याच हाये," ते म्हणाले.

"सामना नाही, मास्तर. तुलना आहे."

"तुलना कायले करतेत? कोन पुढं हाये ते पाह्याले. मंग म्याचच झाली ना."

मी वहीत 'तुलना' या शब्दाखाली रेघ मारली.

आठवड्याभरात शेडच्या दारावर पाटी लागली. एसटीच्या पाटीसारखीच, पिवळ्यावर काळी अक्षरे: 'रिसोड–हॉलंड, मार्गे मेडशी'. येणारा-जाणारा विचारू लागला, "मास्तर, हॉलंड गाडी कवा सुटते?" मास्तर गंभीरपणे सांगत, "लागली हाये फलाटाले. म्याडमचं मोजनं झालं का सुटते." आणि रोज सकाळी, मी अंड्यांचे वजन घेत असताना, मागून प्रश्न येई: "हॉलंड काय म्हन्ते?"

तिकीट हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. देवापुढे ते उभे राहत, पण तिकिटापुढे नतमस्तक होत. पोहरादेवीच्या यात्रेला जादा गाड्या सुटत, माणसे टपावर चढत, आणि मास्तर शिडीवरून टपावर जाऊन तिकिटे फाडून येत. त्यांची पत्नी, मी त्यांना काकू म्हणे, ही कथा ऐकताना नेहमी मध्येच म्हणत, "टपाचं सोड, बाई. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ह्या मानसाच्या गाडीत बसली मी, माहेरी जाले. नवी नवरी, हातात हिरवा चुडा. सगळ्या गाडीसमोर मायं तिकीट फाडलं!"

"तवा तुया पास बनला नव्हता," मास्तर शांतपणे म्हणत. "कर्मचाऱ्याच्या फ्यामिलीले पास असते. पास आल्यावर मांगतलं का कदी?"

"आईकलं? चाळीस वर्स झाले, अजून नियम सांगून राह्यला."

त्यांची सर्वांत आवडती कथा कोंबडीची होती. एकदा रिसोडहून निघालेल्या एका म्हातारीने पिशवीत कोंबडी लपवली होती. मालेगावच्या अलीकडे कोंबडी ओरडली. मास्तरांनी तिचे सामानाचे तिकीट फाडले. मेडशी सुटल्यावर त्या कोंबडीने पिशवीत अंडे घातले, आणि गाडीत वाद पेटला, की अंड्याचे तिकीट लागते की नाही.

"मंग मी निकाल देला," मास्तर छाती काढून सांगत. "अंडं मेडशीच्या पुढं चढलं. मेडशीपासूनचं तिकीट लागंन, रिसोडपासूनचं नाही. आन् ते म्या माया खिशातून भरलं."

"खोटं हाये," काकू म्हणत. "अंडं फुटलं व्हतं."

मी या कथेला सौजन्याने हसले आणि खोलीत जाऊन माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण उघडले. त्यात मी पंधरा पाने खर्चून हाच प्रश्न सोडवत होते: अंड्याचा हिशेब कुठल्या थांब्यापासून धरायचा? सोयाबीनच्या शेतापासून, खाद्याच्या गिरणीपासून की शेडच्या दारापासून? याला आमच्या शास्त्रात प्रणालीची सीमा ठरवणे म्हणतात. मी मोठ्या काटेकोरपणे सीमा आखली होती. शेड आत, घर बाहेर. पंखे, फवारे, दिवे, गिरणी आत. काकूंचा मिक्सर, टीव्ही, मी स्वतः बाहेर. नकाशावर लाल रेघ मारली होती आणि तिच्या सरळपणाचे मला कौतुक होते.

हिवाळ्याचे आकडे आपल्या बाजूने लागले. शेड उघडी, त्यामुळे ऊब देण्याचा खर्च नाही. मका आणि सोयाबीनची पेंड जवळपासचीच. आपला आकडा हॉलंडच्या खाली होता. उन्हाळा अजून यायचा होता. परंतु हॉलंडमधल्या एका परिषदेची सारांश पाठवण्याची मुदत उन्हाळ्यासाठी थांबणार नव्हती, आणि मीही थांबले नाही. 'भारतातील लघु अंडी-उत्पादकाचे उत्सर्जन नेदरलँड्सपेक्षा कमी', असा निःसंदिग्ध सारांश मी पाठवून दिला. तो व्याख्यानासाठी निवडला गेला. माझे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "हा निष्कर्ष वर्षअखेर टिकला, तर तिकडची फेलोशिप तुझीच समज." मी समजले. त्या दिवसापासून मी डच भाषेचे धडे ऐकू लागले आणि शेडमधल्या कोंबड्यांकडे काहीशा मालकीच्या नजरेने पाहू लागले.

मेच्या मध्यावर मी मास्तरांना आलेख दाखवला. दोन देशांचे रंगीत स्तंभ होते. "एवढ्या एकाच ठिकाणी आपल्याला धोका आहे," मी डिझेलच्या स्तंभावर बोट ठेवून म्हणाले. "जनरेटर. तो जास्त चालला, तर हॉलंड पुढे जाईल." बोलताना मी 'आपल्याला' म्हणाले, हे माझ्या लक्षात आले नाही. मास्तरांच्या आले. त्यांनी मान डोलावली आणि जनरेटरवर ताडपत्री टाकून ती दोरीने बांधली.

तर, मंगळवार, २८ मे. दोनच्या सुमारास रस्त्याकडून स्फोटासारखा आवाज झाला. डीपी जळाली होती. गावाचे रोहित्र, ज्याच्यावर शेडचीही लाइन होती. पंखे मंदावत थांबले. फवाऱ्यांचे पाणी आटले. थोड्याच वेळात चार हजार कोंबड्या चोची वासून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागल्या. कोंबडीला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायला तिच्याजवळ तेवढे एक तोंड असते.

मास्तरांनी खुर्ची आणली आणि जनरेटरसमोर बसले.

"चालू करा ना, मास्तर!"

"डिझेल लावलं का हॉलंड पुढं जाते. तूच सांगतलं."

काकूंनी बारदाने भिजवून शेडच्या जाळीवर टांगायला सुरुवात केली. मी हौदातून बादल्या भरून आणत होते. प्रत्येक फेरीत मी मास्तरांसमोर थांबून एक युक्तिवाद करत असे आणि रिकामी बादली घेऊन पुढे जात असे. काकूंचा युक्तिवाद आटोपशीर होता.

"अवो, तुमच्या हॉलंडले जाळा! कोंबड्या मरून राह्यल्या आन् तुमी पंचावानी खुर्ची टाकून बसले!"

"देशाचा सवाल हाये," मास्तर म्हणाले. पण त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा नव्हता, आणि ते शेडकडे पाहत नव्हते.

तेव्हा मला तोडगा सुचला. मी बादली खाली ठेवली, पदर नसताना खोचल्याचा आविर्भाव केला आणि शास्त्रीय स्वरात म्हणाले, "मास्तर, रोहित्र जळणे ही अपवादात्मक घटना आहे. अशा अपवादात्मक नोंदी विश्लेषणातून वगळण्याची पद्धतशास्त्रात तरतूद आहे."

"मराठीत सांग."

"म्हणजे... तुम्ही डिझेल जाळा. मी लिहिणार नाही."

मास्तरांनी मान वर केली. तिकीट फाडले गेले तेव्हा नव्या नवरीच्या चेहऱ्यावरही असा धक्का उमटला नसावा.

"बिना तिकिटाचं?" ते म्हणाले. "माया गाडीत?"

पद्धतशास्त्रात या प्रश्नाची तरतूद नव्हती.

"हारनं एकवार परवडंन, पोरी. पन चेकर चढला आन् त्यानं इचारलं, हे डिझेल कुठून चढलं, तं काय सांगू? असं तं चालूच नाही करत. बसलं डिझेल का तिकीट पायजे. तिकीट नसंन तं गाडी उभी."

गाडी उभी होती. माझी फेलोशिप, त्यांचा देश आणि चार हजार प्यासेंजर, सगळे मिळून उभे होते. शेडच्या आतून काकूंची हाक आली, "बाई, राखीववाली पडली!" मी पाहिले. विधानसभा सदस्य पिंजऱ्याच्या तळाशी एका कुशीवर कलंडली होती.

मी धावत खोलीत गेले, तक्ता आणला आणि मास्तरांसमोर धरला. "लिहिते. एकही थेंब सोडत नाही. फाडा तिकीट."

"क्यान किती लिटरची?"

"पाच."

"आंदी लिही. तिकीट आंदी, डबल बेल मंग."

मी डिझेलच्या रकान्यात पाच लिहिले. घामाने आकडा पसरला. मास्तरांनी खिशातून चिमटा काढला आणि त्या नोंदीशेजारी, माझ्या निर्दोष तक्त्याच्या समासात, टक् करून भोक पाडले. मग उठले, दोरी दोनदा ओढली, आणि डबल बेलवर जनरेटरने धूर सोडला.

"हारलो बरं का," त्या आवाजातून ते मला ओरडून म्हणाले. चेहरा मात्र सुटल्यासारखा झाला होता. "पन तिकीट काढून हारलो!"

काही कोंबड्या त्या दुपारी गेल्याच. विधानसभा सदस्य वाचली. राखीव सीटची माणसे सहसा वाचतात.

दुसऱ्या दिवशी दात घासताना मला जाणवले, की मेलेली कोंबडी आयुष्यभर खाल्लेल्या खाद्याचा हिशेब मागे ठेवून जाते आणि अंडी मात्र देत नाही. म्हणजे सगळ्या कोंबड्या मेल्या असत्या तर आपला आकडा डिझेलपेक्षा किती तरी जास्त बिघडला असता. हा युक्तिवाद मास्तरांनी एका क्षणात मान्य केला असता. माझ्या विषयातला तो पहिल्या वर्षाचा युक्तिवाद आहे. मला त्या दुपारी तो सोडून बाकी सगळे सुचले होते.

नवी डीपी यायला पंधरवड्याहून अधिक काळ लागला. रोज दुपारी डिझेल, रोज नोंद, रोज भोक. तक्त्याच्या समासाची चाळणी झाली. त्या दिवसांत मी खोलीत बसून 'लहान शेडमधील डिझेलचा अपव्यय' हा परिच्छेद लिहिला. कडक शब्दांत लिहिला. खोलीतला कूलर दुपारभर सुरू असे, त्यामुळे विचारांत स्पष्टता होती. घरात इन्व्हर्टर असावा, असा मी निष्कर्ष काढला. गृहीतक तपासले नाही. गार वाऱ्याच्या झोतात बसून गृहीतके तपासावीशी वाटत नाहीत.

पुढे मी हॉलंडला जाऊन आले. माझे व्याख्यान शेवटच्या सत्रात, चहानंतर, झाले आणि त्याचे शीर्षक बदलून 'दोन देशांतील फरक सिद्ध होत नाही' असे करावे लागले. ज्याच्याकडे फरक होता, त्याला फेलोशिप मिळाली. शिकलेल्या डच वाक्यांपैकी मला एकच वापरता आले: स्वच्छतागृह कुठे आहे?

पण त्याआधी, शेड सोडण्याच्या दिवशी, माझ्याजवळचा निकाल याहून वाईट होता. बेरीज पूर्ण झाली होती आणि आपण हरलो होतो. मी मास्तरांना सांगायला गेले, तेव्हा ते पाटी पुसत होते.

"कितीनं?"

"केसभर. खरे तर इतका फरक सांख्यिकीय दृष्टीने..."

"हारलो म्हन ना."

"हरलो."

त्यांनी खडू घेतला आणि 'रिसोड–हॉलंड, मार्गे मेडशी' याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिले: 'उशिरा'. रद्द नव्हे. गाडी रद्द झाली, असे त्यांनी नोकरीतही कधी लिहिले नव्हते म्हणे.

मी खोलीत येऊन सामान बांधू लागले. कूलरची वायर गुंडाळायला घेतली, तर ती भिंतीतल्या बटणापाशी संपेना. खिडकीतून बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले. ती लिंबाच्या फांदीवरून, गोठ्याच्या पत्र्यावरून, माझ्या नकाशावरच्या लाल रेघेला काटकोनात छेदून थेट शेडमध्ये शिरत होती, आणि पंख्यांच्या शेजारी, त्याच मीटरवर, त्याच जनरेटरवर, नीट चिकटपट्टी लावून जोडलेली होती.

"मास्तर," मी शेडमधूनच ओरडले, "माझा कूलर शेडच्या लाइनीवर आहे?"

"मंग?" ते पाटी पुसायचे फडके घेऊनच आले. "घरच्या लाइनीले दम नाही. पंखाबी फिरत नाही धड. लेकरू उकाड्यात झोपंन कसं? तू आली त्याच दिवशी जोडून देला."

मी मनात बेरीज करू लागले. थंडीत तोच कूलर पंख्यासारखा मच्छरांसाठी लावलेला, उन्हाळ्यात दिवसरात्र, जनरेटर सुरू असतानाही. हे सगळे कोंबड्यांच्या नावावर. त्या केसभर फरकात माझा वाटा किती असेल, याचा अंदाज येताच मी बेरीज थांबवली. हॉलंडसमोर भारताला मागे ओढणाऱ्यांत मी स्वतः होते, अंगावर पांघरूण घेऊन.

"म्हणजे वर्षभर मीच तुमच्या गाडीत बिनतिकिटाची होते," मी म्हणाले.

मास्तरांना राग आला. खरोखर आला.

"बिना तिकिटाची कायले? माया गाडीत बिना तिकिटाचं कोनी बसलं नाही. तुले पास व्हता."

"कसला पास?"

"फ्यामिलीचा," ते म्हणाले, आणि फडक्याने उगाच एक पिंजरा पुसू लागले.

काकू दारात उभ्या होत्या. "मायं तिकीट फाडलं," त्या म्हणाल्या, "आन् हिले आल्या दिवशी पास!" पण त्या हसत होत्या.

तेव्हा मी नेहमी करते तेच केले. मोजमापाचे यंत्र काढले. मास्तरांनी खिशातून चिमटा काढून तयार धरला. "पासवाल्याचीबी नोंद असते," ते म्हणाले. "चेकर चढला तं दाखवाले पायजे. लिही." मी कूलर सुरू केला, यंत्र वायरीला लावले, आकडा स्थिर होईपर्यंत थांबले आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीत, भोकांनी भरलेल्या समासाशेजारी, लिहिले:

कूलर. पासधारक एक. एकशे ऐंशी वॅट.